पोहण्यात वेग हवा? आधी श्वास सोडा!

"डॉक्टर, पंचवीस मीटर पोहलो की धाप लागते. हृदय तपासा," असे म्हणत डोंबिवलीचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. वय ४६. मुंबईची नोकरी, लोकलची धक्काबुक्की आणि तीन महिन्यांपासून सकाळी तरणतलाव. शेजारून कॉलेजची पोरे सरसर पुढे जात, हे त्यांना सलत होते. म्हणून ते हातपाय जोरात मारू लागले आणि दम अधिकच लागू लागला.

धाप लागते म्हटल्यावर तपासणी आलीच. रक्तदाब, ईसीजी, ट्रेडमिल टेस्ट, सारे ठीक निघाले. मग मी विचारले, "पोहायला कुठे शिकलात?" "मामाच्या गावी, विहिरीत. पाठीला डबा बांधून." निदान तिथेच झाले. कारण पन्नाशीत मी तलावावर गेलो, तेव्हा माझीही हीच गत झाली होती.

विहिरीत शिकलेला माणूस डोके पाण्याबाहेर ठेवतो. बुडू नये म्हणून ते ठीक, पण डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात. शरीर तिरके होऊन पाण्याला आडवे येते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा अडथळा साधारण चौपट होतो. म्हणजे ताकद वाढवण्याआधी अडथळा कमी केला पाहिजे.

दुसरी चूक श्वास कोंडून धरण्याची. अशा वेळी जीव गुदमरतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडा. मान वळवली की फक्त श्वास घ्यायचा. त्या क्षणी सोडणे आणि घेणे दोन्ही करायला वेळ नसतो.

फ्रीस्टाइलसाठी मी त्यांना सांगितलेला क्रम असा :

१) काठ धरून दहा वेळा पाण्यात श्वास सोडण्याचा सराव.

२) भिंतीला पायाने रेटा देऊन, हात पुढे ताणून, नजर तळाकडे ठेवून नुसते सरकणे.

३) श्वास घेताना डोके उचलू नका. खांद्यासह अंग कुशीवर वळवा. एक डोळा पाण्यातच राहू द्या.

४) हाताने पाणी खाली दाबू नका, मागे ढकला. पाय गुडघ्यातून नव्हे, मांडीपासून हलवा.

५) पंचवीस मीटरला किती हात लागतात ते मोजा. वेळ न वाढता हात कमी झाले, तर तंत्र सुधारले.

६) हे जमल्यावरच आठवड्यातून एकदा-दोनदा चार वेळा पंचवीस मीटर वेगाने पोहा. मध्ये मिनिटभर विश्रांती घ्या.

बारकाव्यांचे मोल मोठे असते. २०१० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूरचे वीरधवल खाडे पुढे तहसीलदार झाले. पुन्हा सरावाला लागून २०१८ मध्ये ते जकार्ताला उतरले आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांचे पदक अवघ्या ०.०१ सेकंदाने हुकले. आपल्याला पदक नको, पण धडा तोच.

आता इशारे. चाळिशीनंतर, विशेषतः रक्तदाब वा मधुमेह असल्यास, वेगाचा सराव डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबा, बाहेर या आणि मदत मागा. खांदा दुखत असताना रेटून पोहू नका. पाण्याखाली लांब जाण्यासाठी आधी भराभर खोल श्वास घेण्याचा खेळ तर मुळीच नको. त्याने कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते आणि जीव जातो. एकट्याने कधीही पोहू नका.

दीड महिन्याने ते गृहस्थ पुन्हा आले. पंचवीस मीटरला एकतीस हात लागायचे, ते चोवीसवर आले होते. म्हणाले, "डॉक्टर, पोरे अजून पुढेच जातात. पण आता मी मध्येच काठ धरत नाही."