गल्लीत कुणीच वर पाहत नाही

नेपल्समधल्या व्हिया देई त्रिबुनाली या अरुंद, गजबजलेल्या रस्त्यावर एक अष्टकोनी चर्च आहे. तिथे मुख्य वेदीवर जवळजवळ चार मीटर उंचीचं एक काळोखं चित्र लावलेलं आहे : कॅराव्हॅज्जोचं ‘दयेची सात कृत्ये’. नाव वाचून माणूस साहजिकच बोटं मोजायला लागतो आणि लवकरच गोंधळतो.

कॅथलिक घरातल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात ही सात कृत्यं पाठ करावी लागतात. भुकेल्याला अन्न द्यावं, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा. आजाऱ्याला आणि कैद्याला भेटावं. मेलेल्याला मूठमाती द्यावी. ही झाली शारीरिक कृत्यं. त्यांच्या जोडीला सात आध्यात्मिक कृत्यं आहेत : अजाणत्याला शिकवणं, दुःखिताचं सांत्वन, अपराध्याला क्षमा वगैरे. इटालियन यादीत त्यांपैकी एक चक्क ‘कटकट्या माणसांना धीराने सोसणं’ असं आहे. मला विचाराल तर चौदांतलं सगळ्यात अवघड कृत्य तेच.

मराठीत दया ‘येते’. रडू येतं, झोप येते, तशी. ती आली नाही तर आपला काही इलाज नसतो. या यादीला मात्र तुम्हाला काय वाटतं याच्याशी कर्तव्यच नाही. पोट, घसा, कातडी आणि डोक्यावरचं छप्पर एवढ्यावर तिचं लक्ष. त्यातली पहिली सहा कृत्यं मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातून आली. प्रसंग अखेरच्या निवाड्याचा आहे. राजा उजवीकडच्यांना सांगतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खाऊ घातलंत. यावर ती माणसं गोंधळून विचारतात, महाराज, आम्ही तुम्हाला पाहिलं तरी कधी? ज्यांनी केलं, त्यांनाही आपण कुणासाठी केलं याचा पत्ता नव्हता! ही गोष्ट ध्यानात ठेवून चित्राकडे वळू.

रात्रीची वेळ, नेपल्सची एखादी गल्ली. उजवीकडे तुरुंगाच्या गजांतून एका म्हाताऱ्याने डोकं बाहेर काढलंय आणि एक तरुणी त्याला छातीशी धरून दूध पाजतेय. जुन्या रोमन कथेतली ही पेरो. बाप किमोन याला उपाशी मारण्याची शिक्षा झालेली, म्हणून ती भेटीला जाऊन त्याला आपल्या दुधावर जगवते. म्हाताऱ्याच्या दाढीवर दुधाचा एक थेंब चमकतोय. ती मात्र मान वळवून भलतीकडेच पाहतेय, कुणी येत तर नाही ना, अशा धास्तीने. भुकेल्याला अन्न आणि कैद्याची भेट ही दोन कृत्यं एकाच बाईने उरकली. मोजणारा इथेच चुकतो.

डावीकडे बायबलमधला सॅमसन गाढवाच्या जबड्याच्या हाडातून पाणी पितोय. त्याच्या पुढ्यात खानावळवाला टोपीवर शिंपला लावलेल्या यात्रेकरूला मुक्कामाची वाट दाखवतोय. पिसाच्या टोपीतला एक छानछोकी जवान तलवारीने आपला झगा कापतोय, जमिनीवर पाठमोऱ्या बसलेल्या उघड्या माणसासाठी. संत मार्टिनची ही गोष्ट युरोपात पोराटोरांना ठाऊक असते. कोपऱ्यातल्या अंधारात आणखी एक देह आहे. तो आजारी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि मागे, तुरुंगाच्या कोपऱ्यावरून, प्रेत चाललंय. त्याचे फक्त तळवे दिसतात. शेजारी मशाल धरून मंत्र म्हणणारा धर्मसेवक.

हे सातवं कृत्य मत्तयच्या अध्यायात नाही. ते आलं तोबितच्या पुस्तकातून. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये असतं, प्रोटेस्टंट बायबलच्या मूळ संचात नसतं. निनवेत परागंदा होऊन राहणारा तोबित सणाच्या दिवशी ताटावर बसलेला असतो. बाजारात आपल्यातल्या कुणाचं प्रेत टाकलंय असं मुलगा येऊन सांगतो. तोबित घास न घेता उठतो, प्रेत आणून एका खोलीत ठेवतो आणि सूर्य मावळल्यावर पुरतो. त्याच रात्री तो भिंतीशी निजलेला असताना चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून त्याची दृष्टी जाते. पुण्याचा मोबदला हा असा! पुढे गोष्ट गोड होते, पण पुरताना त्याला ते ठाऊक नसतं.

चित्र करवून घेणारेही सातच होते. 1602 साली नेपल्सच्या सात तरुण सरदारपुत्रांनी ‘पियो मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया’ ही संस्था काढली. त्याआधीपासून ते शुक्रवारी असाध्य रोग्यांच्या इस्पितळात जाऊन सेवा करत. कॅराव्हॅज्जो त्यांच्याकडे आला तो फरारी म्हणून. मे 1606 मध्ये रोममध्ये मारामारीत त्याच्या हातून खून झाला होता, डोक्यावर मृत्युदंड होता. नेपल्सवर स्पेनचा अंमल असल्याने पोपच्या शिपायांचे हात तिथवर पोचत नव्हते. जानेवारी 1607 मध्ये त्याला चित्राचे एकूण 400 डुकात चुकते झाले. परक्याला आसरा आणि कैद्याची भेट रंगवणारा हात असा होता. त्याच्या मनात काय चाललं असेल याचे तर्क पुष्कळांनी लढवलेत. मला ते दाढीवरचं दूध पुरेसं वाटतं.

अशा यादीवर संस्था उभी करण्याची रीत आपल्या किनाऱ्यालाही लागली होती. 1498 मध्ये राणी लिओनोरने लिस्बनमध्ये ‘मिझेरिकोर्दिया’ स्थापली. तिच्या छापील नियमावलीत चौदाही कृत्यं कलमांसारखी नोंदलेली आहेत. पोर्तुगीज सत्तेबरोबर तसल्याच संस्था गोवा, चौल, वसईपर्यंत आल्या. इस्पितळं, अनाथ मुली, फाशीच्या कैद्याला अखेरची सोबत, दूरदेशी मेलेल्यांची इस्टेट वारसांना पोचवणं, असा त्यांचा कारभार असे. त्याच गोव्यात धर्मद्रोहाचे खटले चालवणारं इन्क्विझिशनही नांदत होतं, हे विसरून ही हकीकत सांगता येत नाही.

पुन्हा नेपल्सच्या गल्लीत. चित्राच्या वरच्या भागात मरियामाता बाळाला घेऊन खाली डोकावतेय, आणि दोन देवदूत एकमेकांत गुंतून हवेत झेपावलेत. त्यांची सावली तुरुंगाच्या भिंतीवर पडलीय. सावली पडायला अंगात वजन लागतं. कॅराव्हॅज्जोने ते देवदूतांनाही दिलंय. गल्लीतलं मात्र कुणीही वर पाहत नाही. प्रत्येकाच्या हातात काम आहे.

1613 मध्ये संस्थेने ठरवलं की हे चित्र कितीही मोल आलं तरी विकायचं नाही. त्याच शतकात पुढे संस्थेचं हे चर्च नव्याने बांधलं गेलं, तरी चित्र तिथलंच राहिलं. संस्थेचं मदतकार्यही थांबलं नाही. वरच्या मजल्यावर कारभाऱ्यांसाठी एक सज्जा आहे, वेदीच्या समोरच. बैठकीतून उठून तिथे उभं राहिलं की चित्रातली मरिया जशी डोकावते, तसंच वरून खाली डोकावावं लागतं. समोर तीच गल्ली, आणि कोपऱ्यावरून निघालेले ते दोन तळवे.