बांधावर एकच कांडी

भोकरच्या शिवारात सोयाबीनचा फोटो काढला, माहिती भरली, आता ती पाठवायची. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या मोबाईलवर ई-पीक पाहणी करतो आणि ती नोंद सातबाऱ्यावर येते. पण बांधावर रेंजची एकच कांडी असली, की चक्र गोल गोल फिरत राहतं.

शेताचं ठिकाण शोधायला टॉवर लागत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह वेळेचे संकेत पाठवत असतात, फोन ते नुसते ऐकतो. अडतं ते पाठवताना. म्हणून माहिती फोनमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची सोय लागते. ती नीट चालते का, हे तपासायचं कसं?

बरेच जण फ्लाइट मोड लावून बघतात. तेवढ्यानं भागत नाही. रेंज पूर्ण गेली तर फोनला लगेच कळतं. फसगत होते ती अर्धवट रेंजमध्ये. टॉवरचा आवाज मोठा, तो फोनला ऐकू येतो, म्हणून कांडी दिसते. फोरजी फोनची ताकद मात्र जेमतेम 0.2 वॅट. त्याचं बोलणं टॉवरपर्यंत पोचतच नाही.

त्याहून अवघड प्रसंग म्हणजे नोंद सर्व्हरला मिळते, पण ‘मिळाली’ हा निरोप परतताना हरवतो. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि एकाच गटात एकच पीक दोनदा चढतं. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नवी नोंद न करता फक्त पोच द्यायची.

लिनक्समधल्या ‘नेटेम’नं खराब नेटवर्क मुद्दाम तयार करता येतं: डेटाच्या शंभरातली दहा पाकिटं गाळायची, बाकीची रखडवायची. फेसबुकनं 2015 मध्ये कर्मचाऱ्यांना मंगळवारी तासभर टूजीचा वेग अनुभवायची सोय केली होती, तीही याच कळकळीतून.

तरी मला वाटतं, ॲप बनवणाऱ्यानं एकदा भोकरहून किनवटकडे जाणाऱ्या एसटीत बसावं. फोटो चढत असताना टॉवर बदलू द्यावा, मध्येच फोन बंद करावा. पुन्हा चालू केल्यावर नोंद जागेवर आहे का, आणि ‘फोनमध्ये जतन झाली, पाठवायची बाकी आहे’ असं स्वच्छ मराठीत दिसतं का, ते बघावं. नाहीतर शेतकरी नोंद झाली असं समजून घरी जातो आणि सातबाऱ्यावर रकाना कोराच राहतो.