एका कादंबरीचा उगम

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या उत्तरेस हॉक्सबरी नावाची मोठी नदी वाहते. तिच्या एका वळणावर ‘वाइजमन्स फेरी’, म्हणजे ‘वाइजमनची तर’, नावाचे लहानसे गाव आहे. ज्याच्या नावाने हे गाव ओळखले जाते, तो सॉलोमन वाइजमन हा केट ग्रेनव्हिल या लेखिकेचा पाच पिढ्यांमागचा पूर्वज होय.

केटबाईंना ही घराण्याची कथा त्यांच्या आईने लहानपणीच सांगितली होती. सॉलोमन हा लंडनमध्ये टेम्स नदीवर मालाच्या होड्या वल्हविणारा गरीब नावाडी होता. त्याने रंग काढण्याच्या उपयोगाचे मौल्यवान लाकूड चोरले व तो पकडला गेला. त्या काळी इंग्लंडात चोरीलाही फाशी होत असे. १८०५ साली सॉलोमनला तीच शिक्षा फर्मावण्यात आली. पण पुढे फाशी टळली आणि तिच्याऐवजी जन्मभर हद्दपारीचे शासन झाले. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील बंदिवानांना जसे अंदमानात धाडले, तसे १७८८ पासून १८६८ पर्यंत आपल्या देशातील सुमारे १,६२,००० बंदिवानांना ऑस्ट्रेलियात धाडले. त्यांपैकीच सॉलोमन हा एक. १८०६ साली तो बायकामुलांसह सिडनीला उतरला. काही वर्षांनी त्याची सुटका झाली. त्याने हॉक्सबरीच्या काठी जमीन घेतली, तर चालविली, दगडी वाडा बांधला आणि तो मोठा धनवान झाला. चोर म्हणून आलेला माणूस सावकार झाला, याचे घराण्याला कौतुकच होते.

या कथेतील ‘जमीन घेतली’ हे दोन शब्द कोणालाही कधी खटकले नव्हते. मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, ‘घेणे’ हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. जमीन कसायला घेता येते, विकत घेता येते आणि हिसकावूनही घेता येते!

२८ मे २००० रोजी सिडनीच्या प्रचंड पुलावरून सुमारे अडीच लाख लोक चालत गेले. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आणि नंतर आलेले गोरे लोक यांच्यात सलोखा व्हावा, हा त्या पदयात्रेचा हेतू होता. केटबाई तीत सामील झाल्या होत्या. पूल संपत आला असता कडेला उभ्या असलेल्या एका आदिवासी स्त्रीची आणि त्यांची दृष्टादृष्ट झाली; दोघीही हसल्या. त्याच क्षणी केटबाईंच्या मनात विचार आला, की या बाईचे पूर्वज आणि आपला सॉलोमन हे एकमेकांना भेटले असतील काय? आणि भेटले असतील, तर त्या वेळी काय घडले असेल?

सॉलोमनची जमीन ओसाड नव्हती. त्या नदीच्या परिसरात धारुग लोक हजारो वर्षे राहत आले होते. काठावरच्या मऊ मातीत कंद उगवत. धारुग स्त्रिया टोकदार काठ्यांनी ते उकरून काढीत. हे कंद म्हणजे त्यांच्या रोजच्या अन्नाचा मोठा आधार होता. परंतु नांगरलेले शेत नाही, कुंपण नाही, तेव्हा ही जमीन कोणाचीच नाही, असे इंग्रजांनी ठरवून टाकले. (ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा समज चुकीचा ठरविण्यास १९९२ साल उजाडावे लागले.) १७९४ पासून गोरे वसाहतवाले नदीकाठी येऊ लागले. त्यांनी कंद उपटून तेथे मका पेरला. कंद गेल्यावर भुकेले धारुग मका तोडून नेऊ लागले. वसाहतवाल्यांनी त्याला चोरी म्हटले आणि बंदुका उचलल्या. धारुगांनी भाले उचलले. दोन्हीकडची माणसे मेली, पण भाल्यापुढे बंदूक भारी ठरली. १८१६ साली तर गव्हर्नर मॅक्वारी याने सिडनीच्या आसपासच्या प्रदेशात सैनिकच धाडले. त्यांनी एका रात्री ॲपिन या ठिकाणी किमान चौदा आदिवासींचे प्राण घेतले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती.

केटबाईंनी लंडनमधील व सिडनीतील जुनी दप्तरे चाळली. सॉलोमनच्या खटल्याची हकीकत मिळाली, इतर कागदही मिळाले. पण धारुगांशी तो कसा वागला, याविषयी अक्षरही सापडले नाही. कागद लिहिणारे वसाहतवालेच होते. त्यांना जे सांगायचे नव्हते ते त्यांनी लिहिले नाही आणि धारुगांचे म्हणणे लिहून ठेवण्यास कोणी नव्हते. लेखिकेपुढे मोठाच पेच पडला. कागद नाही म्हणून काही घडलेच नाही, असे म्हणता येत नाही. तसेच कागद नसताना अमक्याने अमके केलेच, असेही म्हणता येत नाही. प्रथम त्या पूर्वजाचे चरित्र लिहावयास बसल्या होत्या. तो बेत त्यांनी सोडला आणि कादंबरी लिहिली. नायकाला सॉलोमनऐवजी विल्यम थॉर्नहिल हे कल्पित नाव दिले. सॉलोमनच्या आयुष्यातील प्रसंग त्यात घेतले आणि इतर वसाहतवाल्यांविषयी ज्या नोंदी सापडल्या, त्यांतील घटनाही त्यात गुंफल्या. हीच ‘द सीक्रेट रिव्हर’ म्हणजे ‘गुप्त नदी’ ही कादंबरी. ती २००५ साली प्रसिद्ध झाली व तिला राष्ट्रकुलाचे साहित्य पारितोषिक लाभले.

सर्वांनीच तिचे स्वागत केले असे नाही. आजच्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात शिरल्याचा दावा करू नये, असा इंगा क्लेंडिनन यांच्यासारख्या नामवंत इतिहासकारांचा आक्षेप होता. तो वावगा म्हणता येणार नाही. इतिहासकाराला प्रत्येक वाक्यासाठी पुरावा द्यावा लागतो. कादंबरीकाराला ती सक्ती नसते. म्हणूनच वाचकाने कादंबरीला पुरावा समजू नये. खरे काय व कल्पित काय, हे वाचकांना कळावे म्हणून केटबाईंनी २००६ साली आपल्या शोधाची हकीकत सांगणारे दुसरे पुस्तक लिहिले, हे त्यांच्या प्रामाणिकपणास शोभणारेच झाले.

कादंबरीतील थॉर्नहिल हा दुष्ट मनुष्य नाही. तो कष्टाळू आहे, बायकोमुलांवर त्याची माया आहे. लंडनमध्ये ज्याला हक्काची वीतभर जागाही मिळाली नाही, त्याला नदीकाठचा तो तुकडा पाहताच तो आपला व्हावा असे वाटते. शेजाऱ्यांपैकी एकजण धारुगांशी मिळूनमिसळून राहतो, तसे राहण्याची वाट त्यालाही मोकळी असते. परंतु जमीन जाईल या भीतीने एके दिवशी तो इतर वसाहतवाल्यांना आपली होडी देतो, स्वतः त्यांच्याबरोबर जातो आणि पहाटे धारुगांच्या वस्तीवर झालेल्या कत्तलीत सामील होतो.

पुढे तो श्रीमंत होतो व टुमदार घर बांधतो. घराच्या जागेवरील खडकावर धारुगांनी कोरलेला एक मोठा मासा त्याच्या दृष्टीस पडलेला असतो. तो त्यावरच पाया घालतो. संध्याकाळी थॉर्नहिल ओसरीवर बसून दुर्बिणीने पलीकडचे डोंगर न्याहाळीत राहतो, झाडांत कोणी हलताना दिसेल म्हणून. दिसत कोणीच नाही. मासा मात्र त्याच्या घराखाली तसाच असतो.