क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे आणि ‘माउंट’ची अडचण

कृष्णा व तारळी यांच्या संगमावरील उंब्रज गावी एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची बोली ध्वनिमुद्रित करून अभ्यासक परतला, आणि विभागातील लिनक्स संगणकावर मुद्रणयंत्राचे कार्ड उघडेना, अशी कल्पना करावी. ते बोलणे पुन्हा तसेच मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून अशा वेळी घाईने केलेला उपाय हा मूळ दोषापेक्षाही घातक ठरू शकतो.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. त्या परंपरेत, आणि म्हणून लिनक्समध्येही, सर्व फाईलींचा एकच वृक्ष असतो. कार्डावरील फाईल-व्यवस्था त्या वृक्षातील एखाद्या फोल्डरशी जोडणे म्हणजे ‘माउंट’ करणे होय. जोडणी फसली की बहुधा एक संदेश येतो : फाईल-व्यवस्थेचा प्रकार चुकीचा, पर्याय चुकीचा, सुपरब्लॉक सदोष, साहाय्यक प्रोग्रॅम अनुपस्थित, किंवा अन्य दोष. यातील ‘किंवा’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. हा संदेश म्हणजे निदान नव्हे, ती केवळ शक्यतांची यादी होय.

निदान क्रमाने करावे. प्रथम ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देऊन कार्ड संगणकास दिसते की नाही, हे पाहावे. न दिसल्यास दोष कार्ड-वाचकात, जोडतारेत किंवा खुद्द कार्डात शोधावा. दिसत असल्यास, जोडणी संपूर्ण साधनाची केली जात आहे की त्यावरील विभागाची, हे तपासावे; ‘एसडीबी’ आणि ‘एसडीबी१’ यांतील एका अंकाचा भेद येथे निर्णायक ठरतो. त्यानंतर ‘बीएलकेआयडी’ने फाईल-व्यवस्थेचा प्रकार जाणून घ्यावा. ३२ जीबीहून मोठ्या कार्डांवर सामान्यतः एक्सफॅट असते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तिचा पक्का आधार २०२० च्या ५.७ या आवृत्तीपासून आला. त्यामुळे जुन्या संगणकास निर्दोष कार्डही अपरिचित वाटते. अशा वेळी कार्डास दोष देण्याचे कारण नाही. योग्य प्रोग्रॅम बसविला की काम भागते.

याउपर ‘डीमेसेज’मध्ये वाचनदोषाची नोंद आढळली, तर मात्र हात आवरावा. कार्ड फॉर्मॅट करू नये, आणि ‘एफएसचेक’ ही दुरुस्तीची आज्ञाही मूळ कार्डावर देऊ नये. कारण दुरुस्ती म्हणजे कार्डावर नवे लेखनच. ‘डीडीरेस्क्यू’ने कार्डाची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवावी, तिची आणखी एक प्रत करावी, आणि दुरुस्तीचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.

हस्तलिखितांचा संपादक मूळ पोथीवर शाईने दुरुस्ती करीत नाही. प्रत करून तिच्यावर काम करतो. ध्वनिमुद्रणांच्या कार्डासही हाच न्याय लावणे इष्ट होय.