थांबलेला प्रश्न, वाहत्या बातम्या

आपण रोज जो शोध घेतो त्यात मजकूर जागेवर असतो आणि प्रश्न फिरतो. शब्द टाकला, उत्तरं आली, प्रश्न विरला. पण एखादी संस्था ‘आमचं नाव कुठेही छापून आलं तर कळवा’ असं संगणकाला सांगून ठेवते, तेव्हा सगळं उलटं होतं. आता प्रश्न जकातनाक्यासारखा ठाण मांडून बसतो आणि जगभरच्या बातम्या त्याच्यासमोरून एकेक करून जातात. बातमी अजून लिहिलीही गेलेली नसते, पण तिला अडवणारा प्रश्न तयार असतो! मला ही कल्पना फार विलक्षण वाटते.

संगणकाच्या आधी हे काम माणसं करायची. पॅरिसमध्ये १८७९ साली ‘आर्ग्युस द ला प्रेस’ ही कात्रणसंस्था सुरू झाली. ग्रीक पुराणातल्या शंभर डोळ्यांच्या राक्षसाचं नाव तिने घेतलं होतं. वर्गणीदार आपलं नाव देऊन ठेवत, आणि ते जिथे दिसेल तिथे कात्री चाले. अशा संस्था पुढे युरोप-अमेरिकेत जागोजागी निघाल्या. सापेक्षतावादाचा कट्टर विरोधक असलेला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट गेर्के याने आइन्स्टाइनविषयीची हजारो कात्रणं जमवली होती. त्यांच्या आधारे १९२४मध्ये पुस्तक लिहून त्याने हा सिद्धांत म्हणजे सामूहिक भुरळ असल्याचं मांडलं. त्याचा निष्कर्ष चुकला. पण एका वैज्ञानिक कल्पनेबद्दल वर्तमानपत्रं काय म्हणतात याची इतकी चिकाटीने नोंद ठेवावी, हे त्या काळात सुचलं याचंच मला अप्रूप आहे.

१९५८मध्ये आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी हे काम यंत्राकडे सोपवण्याचा आराखडा मांडला. प्रत्येक वाचकाच्या आवडीच्या शब्दांची यादी यंत्रात ठेवायची, आणि नवा मजकूर आला की तो त्या याद्यांशी ताडून पाहायचा. २००३मध्ये आलेल्या ‘गूगल अलर्ट्स’मागचा विचार हाच.

आता अडचण पाहा. वर्गणीदार हजारो, प्रत्येकाचे शब्द डझनभर. मग एकच बातमी हजारो वेळा वाचायची का? यावरचं उत्तर १९७५मध्ये बेल लॅब्जमधल्या आल्फ्रेड आहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी प्रसिद्ध केलं. ते उलगडायला आपल्याकडची दोन खरी नावं घेऊ : १९६६मध्ये मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आणि नाशिकचा मराठा विद्या प्रसारक समाज. ‘मराठ’पर्यंत दोन्ही नावं एकाच वाटेने चालतात. पुढे दीर्घ वेलांटी आली तर एक फाटा, काना आला तर दुसरा. सगळ्या शोधशब्दांचा असा एकच फाटेफाट्यांचा नकाशा आधी बनवून ठेवायचा आणि बातमीचं एकेक अक्षर वाचत त्यावरून चालायचं. वाट मध्येच तुटली तर मजकुरात मागे फिरायचं नाही. आतापर्यंत वाचलेल्याचं शेपूट दुसऱ्या एखाद्या शब्दाची सुरुवात असू शकतं का, हे नकाशात आधीच नोंदलेलं असतं आणि यंत्र थेट तिथे उडी घेतं. शोधशब्द दहा असोत की दहा हजार, मजकूर एकदाच वाचायचा. हे पहिल्यांदा समजतं तेव्हा विश्वास बसत नाही.

यंत्राचं झालं, प्रश्न नीट मांडण्याचं काम मात्र माणसाचंच, आणि मराठीत ते भलतंच रंगतदार आहे. मराठी विज्ञान परिषदेसाठी पहारा लावायचा आहे असं समजू. नुसतं ‘परिषद’ टाकलं तर जिल्हा परिषद, विधान परिषद आणि रोजच्या रोज कुणीतरी घेतलेली पत्रकार परिषद यांचा लोंढा येईल. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकलं आणि शब्द जसाच्या तसा जुळवणारा शोध असला, तर ‘परिषदेने’, ‘परिषदेच्या’, ‘परिषदेतर्फे’ हे सगळे निसटतील. आणि बातमीत कर्तेपणा तर बहुतेकदा ‘परिषदेने’कडेच असतो! म्हणून शब्दाचं मूळ ठेवून पुढचा भाग मोकळा सोडायचा. ‘परिषद’ला हे चालतं, कारण प्रत्यय पुढे जोडले जातात. लोकविज्ञान संघटनेला मात्र ‘संघटना’ ठेवून चालणार नाही. ‘संघटनेच्या’ म्हणताना शेवटचा काना गळतो, त्यामुळे ‘संघटन’वरच कापावं लागतं.

परिषदेचं लघुरूप ‘मविप’. ते मोकळं सोडलं की नाशिकचा ‘मविप्र’ हजर, कारण संगणकाच्या लेखी ‘प्र’ म्हणजे आधी प, मग हलन्त, मग र. डोळ्यांना जे एक अक्षर दिसतं ते आत तीन तुकड्यांत असतं आणि ‘मविप’ त्यात तंतोतंत बसतं. परिषदेची इमारत चुनाभट्टीला, नाव ‘विज्ञान भवन’. त्याच नावाची दिल्लीतली इमारत सरकारी सोहळ्यांमुळे सतत बातमीत. रोमन लिपीतल्या बातम्यांत ‘ज्ञ’ कुणी डी-एन-वाय लिहितो, कुणी जी-वाय. हे सगळं पाहताना जाणवतं की संस्थेचं फलकावरचं नाव एकच असलं, तरी लोकांच्या लेखणीत ते कितीतरी रूपांनी वावरत असतं.

हा पसारा आवरणारे तीन शब्द ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’. त्यांचं गणित जॉर्ज बूल यांनी १८५४च्या ग्रंथात बांधलं. ‘विज्ञान भवन’ आणि सोबत ‘चुनाभट्टी किंवा शीव किंवा सायन’ म्हटलं की दिल्ली बरीचशी गळते. ‘वगळून’ मात्र जपून वापरावं. ‘जिल्हा परिषद’ वगळायला सांगितलं, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत झालेल्या विज्ञान परिषदेच्या कार्यक्रमाची बातमीही गेली.

गेली, आणि गेल्याचं कळलंही नाही. या कामातला सगळ्यांत खोल प्रश्न हाच. १९८५मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी सॅन फ्रान्सिस्को भागातल्या रेल्वे-अपघाताच्या खटल्यातली सुमारे ४०,००० कागदपत्रं घेऊन शब्दशोधाची परीक्षा केली. कामाची तीन चतुर्थांश कागदपत्रं हाती यावीत अशी वकिलांची अट होती, आणि ती पुरी झाली असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात सापडली होती जेमतेम २० टक्के. एक कारण असं की अपघाताला सगळेच ‘अपघात’ म्हणत नव्हते. कुणी ‘घटना’ लिहिलं होतं, कुणी ‘प्रसंग’, कुणी ‘अडचण’.

म्हणून पहारा लावणाऱ्याने एक परीक्षा जरूर घ्यावी. शोधाची रचना ज्याला ठाऊक नाही अशा माणसाला आठवडाभराची वर्तमानपत्रं हाताने चाळायला सांगावीत. छापील अंक हवेतच, कारण अनेक ई-पेपर म्हणजे पानांची चित्रं असतात आणि त्यांतली जोडाक्षरं ओळखताना यंत्र अडखळतं. त्याने काढलेली कात्रणं एका बाजूला ठेवायची आणि यंत्राने पकडलेल्या बातम्या दुसऱ्या बाजूला. जी कात्रणं यंत्राला दिसलीच नाहीत, त्यांत संस्थेला कोणत्या नावाने हाक मारली आहे ते पाहायचं आणि तो शब्द ‘किंवा’पुढे जोडायचा.