मुक्या दुखण्याचा माग

संध्याकाळची वेळ. घरातील मुलगा नेहमीप्रमाणे कुत्र्याला उचलून मांडीवर घ्यावयास जातो आणि तो एवढासा जीव असा काही किंकाळतो की सारे घर धावून येते. कोणाचा पाय पडलेला नाही, कोणी मारलेले नाही, कोठे रक्त नाही, सूज नाही. पाच मिनिटांनी तो आपल्या अंथरुणावर निमूट बसलेला असतो आणि घरची मंडळी तर्क लढवू लागतात. कोणी म्हणते काटा रुतला असेल, कोणी म्हणते पोटात कळ आली असेल, आजी म्हणते दृष्ट लागली. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेले, तर तो टेबलावर कान टवकारून शहाण्यासारखा उभा राहतो. डॉक्टर पोट चाचपतात, ताप पाहतात आणि काही आढळत नाही असे सांगतात. घरी परतल्यावर रात्री पुन्हा तीच किंकाळी.

हा कुत्रा डॅशुंड जातीचा, पाच-सहा वर्षांचा, असे समजू. लांबट अंगाचा, आखूड पायांचा हा कुत्रा आपल्या शहरांतून पुष्कळांनी पाहिलेला असतो. बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या मागे शिरता यावे म्हणून जर्मनीत ही जात घडविली गेली. तिचे नावही त्याच प्राण्यावरून पडले. बिळात शिरण्यासाठी माणसाने त्याला जे शरीर दिले, त्याचाच ह्या किंकाळीशी संबंध असण्याचा पुष्कळ संभव आहे. पण केवळ जातीवरून निदान करणे हा उतावळेपणा होईल.

दवाखान्यात दुखणे का दिसत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. परका वास, परकी माणसे, शेजारच्या पिंजऱ्यातील मांजर ह्यांमुळे कुत्र्याच्या अंगी जी सावधता येते, तिच्यापुढे वेदना काही काळ मागे पडते. रणांगणावरील जखमी शिपायालाही हा अनुभव येतो. म्हणून अशा दुखण्याचा खरा पुरावा बहुधा घरातच असतो आणि तो किंकाळीपेक्षा बारीकसारीक सवयींत सापडतो. आज घरोघरी फोनवर चालते चित्र टिपता येते. कुत्रा जिना चढताना, वळताना, जेवताना टिपलेले दोन-चार मिनिटांचे चित्र पशुवैद्याच्या हाती देणे, हे कित्येकदा रक्ताच्या तपासणीहून अधिक उपयोगी ठरते.

वरच्या कुत्र्याचेच पाहा. किंकाळीच्या दिवसापासून तो जेवत नाही, अशी घरची तक्रार आहे. ताटलीपाशी जातो, हुंगतो आणि मागे सरतो. अन्नावर वासना नाही, तेव्हा पोटच बिघडले असणार, असा निष्कर्ष निघतो आणि पोटाचे औषध सुरू होते. परंतु तोच भाकरीचा तुकडा तोंडासमोर हातावर धरला तर तो मटकन खातो. भूक आहे, पण मान खाली घालवत नाही! अशा कुत्र्याला हाक मारली तर तो मान न वळवता नुसते डोळे फिरवून पाहतो, किंवा सबंध अंगानेच वळतो. कधी पुढचा एक पाय उचलून धरतो. पायाला काही झालेले नसते. मानेतून पायाकडे जाणारी मज्जातंतूची मुळी दाबली गेलेली असते. काढ्यांनी आणि गोळ्यांनी पोट धुऊन काढले तरी ह्या मानेला उतार कसा पडणार?

पाठीचे दुखणेही असेच फसविते. पाठ दुखत असली की कुत्रा पोटाचे स्नायू आवळून धरतो, कमान करून उभा राहतो आणि पोटाला हात लावताच विव्हळतो. पाहणारा म्हणतो, पोटात कळ आहे. खऱ्या पोटदुखीत, विशेषतः स्वादुपिंडाला सूज आली असता, पुष्कळ कुत्रे पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर ठेवतात, साष्टांग नमस्काराच्या अर्ध्यावर थांबल्यासारखे. सोबत ओकाऱ्या असतात. ही एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ घोटाळा वाचतो.

बाकीच्या कारणांची यादी लांबच आहे. लहान जातींच्या तोंडात दातांची दाटी होते आणि वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला तर सूज डोळ्याखाली दिसते. रानात हिंडून आलेल्या कुत्र्याच्या कानात किंवा बोटांच्या बेचक्यात गवताचे कुसळ शिरलेले असते. पॉमेरेनियन, चिवावा ह्यांच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. मग तो चालता चालता एक पाय उचलून चार उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालू लागतो. शेपटीखालच्या ग्रंथी तुंबल्या तर तो दचकून मागे पाहतो व बूड जमिनीला घासतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात सांधे दुखतात; आज हा पाय, उद्या तो. तरुण कुत्र्याला ताप आणि ताठलेली मान ही एकदम आली, तर मेंदू व मज्जारज्जू ह्यांच्या आवरणाचा दाह मनात आणावा लागतो.

म्हणून चांगला पशुवैद्य कुत्र्याला लगेच टेबलावर घेत नाही. तो त्याला आधी जमिनीवर चालू देतो व स्वतः बोलत बसतो. मग हात लावतो तो शंका नसलेल्या जागेपासून. संशयित भाग शेवटी. मणक्यांच्या दोहों बाजूंनी अंगठा आणि बोट एकेक मणका मोजीत पुढे सरकतात. किंकाळी क्वचितच येते. पण एका ठिकाणी कातडी थरकते, श्वास अडतो, कुत्रा ओठ चाटतो. तेच ठिकाण, पुन्हा तपासले तरी तेच, असे दोन-तीनदा ठरले म्हणजे माग लागला. मान हलविताना मात्र फार सावध असावे लागते. अगदी चिमुकल्या जातींच्या काही कुत्र्यांत मानेच्या दुसऱ्या मणक्याचा दातासारखा खुंट जन्मतःच अपुरा असतो. त्यांची मान जोराने खाली वाकविली तर तपासणीतच मज्जारज्जूला इजा व्हावयाची. घरच्यांनी तर हा प्रयोग करूच नये.

आता डॅशुंडच्या कण्याविषयी. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बाहेर चिवट कडे आणि आत मऊ गर. स्वीडनमधील हान्सेन ह्या संशोधकाने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की आखूड पायांच्या जातींत हा गर म्हातारपणाची वाट पाहत नाही. अगदी कोवळ्या वयातच तो कूर्चेसारखा घट्ट होऊ लागतो आणि पुढे त्यात चुना साचतो. मग एखाद्या साध्या उडीत कडे फाटते आणि तो कठीण गर वर उसळून मज्जारज्जूवर आदळतो. २०१७ साली अमेरिकेत, डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्यामागची आनुवंशिक गोष्टही शोधली. कुत्र्याच्या १२ व्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत असते. तीच पाय आखूड करण्यास हातभार लावते आणि तीच चकत्या लवकर जून करते. सुमारे पाचांतील एका डॅशुंडला आयुष्यात कधी तरी हा विकार होतो. आवडीच्या रूपाची एवढी किंमत कुत्र्याने मोजावी, हे काही भूषणावह नाही.

येथे एक उफराटी गोष्ट आहे. मानेच्या भागात कण्याची पोकळी ऐसपैस असते. गर बाहेर आला तरी मज्जारज्जूला सरकावयास जागा मिळते. म्हणून तेथे वेदना भयंकर, पण लुळेपणा क्वचित. छाती आणि कंबर ह्यांच्या सांध्यावर पोकळी अरुंद असते. तेथे ओरडणे कमी असूनही कुत्रा रातोरात मागच्या पायांतून जातो. ओरडण्यावरून धोक्याचे माप काढता येत नाही.

क्ष-किरण चित्राने पुष्कळांचे समाधान होते, पण त्यात हाडे दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. चुना साचलेली चकती दिसली तरी गुन्हेगार तीच असे ठरत नाही. एमआरआयने ते दिसते. मात्र त्यासाठी कुत्र्याला भूल द्यावी लागते आणि आपल्या देशात प्राण्यांसाठी ही सोय मोजक्याच मोठ्या शहरांत आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ह्या जातीत तर एक विकार असा आहे की तो ह्या चित्रावाचून सिद्धच करता येत नाही. कवटीचा मागचा भाग मेंदूला अपुरा पडतो, द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूच्या आतच पोकळ्या तयार होतात. असा कुत्रा चालता चालता थांबून मानेजवळ हवेतच खाजवितो. पाय कातडीला लागतही नाही. वर्षानुवर्षे त्याच्यावर खरजेचे उपचार झाल्याची उदाहरणे आहेत.

चित्र मिळत नसेल तेव्हा उपचार हीच परीक्षा ठरते. वेदनाशामक दिल्यावर कुत्रा पुन्हा मान वळवू लागला, रात्री झोपू लागला, तर निदान वेदना होती एवढे सिद्ध झाले. पण औषध म्हणजे बरे होणे नव्हे. दुखणे थांबताच तो पलंगावर उडी मारतो आणि अर्धी फाटलेली चकती पुरती फाटते. औषधाबरोबर चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात किंवा लहानशा जागेत सक्त विश्रांती हवी, आणि तीच घरच्यांना सर्वांत जड जाते. माणसांच्या कपाटातील गोळ्यांना तर हातही लावू नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. स्टेरॉइड आणि इतर वेदनाशामके एकत्र देणेही तितकेच घातक असते. म्हणून एक दवाखाना सोडून दुसऱ्याकडे जाताना आधी काय दिले, ते लिहून न्यावे.

घरच्यांनी रोज एक गोष्ट मात्र पाहावी. कुत्र्याला आधार देऊन उभे करावे आणि मागच्या पावलाचा पंजा अलगद उलटा टेकवावा. निरोगी कुत्रा तो तत्काळ सरळ करतो. तो तसाच राहिला, किंवा चाल झिंगल्यासारखी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. पुढच्या पायरीवर पशुवैद्य बोट चिमट्याने दाबून पाहतो. पाय आखडून घेतला एवढ्याने भागत नाही, कारण ते काम मज्जारज्जूचा खालचा तुकडा मेंदूला न विचारता करतो. कुत्र्याने वळून पाहिले पाहिजे, ओरडले पाहिजे. ही खोलवरची संवेदना शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली तर दहांपैकी नऊ कुत्रे पुन्हा चालतात. ती गेल्यावर निम्म्याच्या आसपास. ज्या किंकाळीने घर हादरले होते, ती ह्या टेबलावर ऐकू यावी म्हणून सारे कान देऊन उभे असतात.

आरंभीच्या कुत्र्याचे दुखणे मानेचे होते. त्याची ताटली विटांवर उंच ठेवली गेली, गळपट्ट्याऐवजी छातीला पट्टा आला, आणि मुलाने त्याला उचलताना एक हात छातीखाली व दुसरा बुडाखाली घालावयास शिकून घेतले. सहाव्या आठवड्यात एका दुपारी जमिनीवर पडलेला पोळीचा तुकडा त्याने आपण होऊन मान वाकवून उचलला.