दिवसपाळी कोंबड्याची, रातपाळी कुत्र्याची

शेतातल्या वस्तीवर बिनपगारी पहारेकरी दोन. एक दिवसभर अंगणात मिरवतो आणि दिवेलागणीला मुकाट खुराड्यात शिरतो, कारण तिन्हीसांजेनंतर त्याला धड दिसत नाही. दुसरा दुपारभर चुलीच्या राखेत अंग टाकून पडतो आणि अंधार पडला की कान टवकारून उठतो. पाळ्या कुणी लावून दिलेल्या नाहीत, तरी अदलाबदल वेळेवर होते. कोंबडी म्हणजे अंडं आणि रस्सा, कुत्रा म्हणजे भुंकणं, एवढ्यावर आपण दोघांची बोळवण करतो. शास्त्रज्ञांनी मात्र या दोघांवर वर्षानुवर्षं घालवली आहेत आणि हाती लागलेला ऐवज मोठा मजेदार आहे.

झाकलेलं कोंबडं काय करतं?

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे सगळ्यांना पाठ. पण झाकलेलं कोंबडं आरवतं की गप्प बसतं? जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. त्यांनी कोंबडे चोवीस तास मंद उजेडात ठेवले, बाहेरची सकाळ त्यांना कळूच दिली नाही. तरीही ते रोज साधारण ठरल्या वेळी आरवत राहिले. घड्याळ अंगातच! २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे टोपलं टाकून तांबडं तर थांबत नाहीच, बांगही थांबत नाही.

दोन वर्षांनी त्याच मंडळींनी पुढची गंमत सांगितली. पहाटेची पहिली बांग मानाची असते. कळपातला सर्वांत वरचढ कोंबडा आधी आरवतो, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. थोरल्याने उशीर केला तर धाकटेही खोळंबतात. मानपानाची एवढी शिस्त आपल्या सत्कार समारंभांना कधी जमलेली नाही.

एवढं केकाटून तो स्वतः बहिरा कसा होत नाही? बांगेचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची नळी आपोआप आवळते आणि मऊ पडदा कानाच्या पडद्याचा जवळजवळ निम्मा भाग झाकतो. शिवाय पक्ष्यांच्या कानातल्या नाजूक पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. आपल्या उगवत नाहीत. डीजेवाल्यांनी नोंद घ्यावी.

एक डोळा दाण्यावर, एक आभाळावर

हा माझा सर्वांत लाडका किस्सा, म्हणून इथे जरा ऐसपैस बसू.

कोंबडीचे दोन डोळे दोन वेगळी खाती सांभाळतात. खड्यांमधून दाणा वेचायचा तर उजवा डोळा, घारीवर नजर ठेवायची तर डावा. अंगणात घारीची सावली पडली की कोंबडी मान तिरकी करून आभाळाकडे बघते ना, त्या तिरकेपणाला अर्थ आहे. लेस्ली रॉजर्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बाईंनी पिल्लांवर प्रयोग करून हा कामाचा वाटा उलगडला. कारण तर आणखी भारी. उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यातलं पिल्लू असं मुडपून बसतं, की त्याचा डावा डोळा अंगाखाली दबतो आणि उजवा कवचाकडे राहतो. कवचातून झिरपणारा उजेड फक्त उजव्या डोळ्याला मिळतो आणि तेवढ्यावर मेंदूतली वाटणी पक्की होते. काळोखात उबवलेल्या अंड्यांतल्या पिल्लांमध्ये ही वाटणी नीट झालेली नसते. अशा पिल्लांना दाणे टिपत असतानाच वर लक्ष ठेवणं जड जातं.

आता खुडूक कोंबडी आठवा. ती एकवीस दिवस अंड्यांवर ठाण मांडते, पण रोज थोडा वेळ दाणापाण्यासाठी उठते. तेवढ्यात अंड्यांवर उजेड पडतो. आपण म्हणतो, बिचारी भुकेली झाली. ती उठली नसती, तर घार ओळखणारी पिल्लं निपजायला अडचण झाली असती.

खुडुकीबद्दल आणखी एक. अंडं फुटायच्या आदल्या दिवशी आतलं पिल्लू चिवचिवू लागतं आणि वरून आई कॉक-कॉक करून उत्तर देते. तोंडओळख होते ती कवचातूनच. बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस चाऱ्यापाण्याविना तग धरू शकतं. भोकं पाडलेल्या खोक्यांतून ‘एक दिवसाची पिल्लं’ गावोगाव पोचतात, ती याच जोरावर. अमेरिकेत टपाल खात्याने १९१८ पासून अशी जिवंत पिल्लं पार्सलने न्यायला सुरुवात केली.

घार आली! मुंगूस आलं!

कोंबडा ओरडला म्हणजे काहीतरी आलं, एवढंच आपल्याला कळतं. कोंबड्यांना त्याहून जास्त कळतं. आभाळातल्या शत्रूसाठी कोंबडा बारीक, लांबट आवाज काढतो. जमिनीवरच्यासाठी तुटक, मोठा कलकलाट करतो. पहिला ऐकून कोंबड्या दबून बसतात किंवा झुडपात घुसतात, दुसरा ऐकून मान ताठ करून चौफेर बघतात. सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठात तर पडद्यावर घारीची चित्रफीत दाखवून हे पडताळलं. समोर शत्रू दिसत नसतानाही नुसता आवाज ऐकून कोंबड्यांनी नेमकी तीच हालचाल केली.

यातला चावटपणाही नोंदवला गेला आहे. जवळ कोंबडी असेल तर कोंबडा इशारा जास्त देतो. आसपास कुणीच नसेल तर फुकट गळा काढत नाही. स्वतः झुडपाच्या आडोशाला असेल तेव्हा अधिक वेळ ओरडतो. बहादुरी आहे, पण हिशेबी. दाणा सापडला की ‘ये, ये’ अशी हाक घालून तो कोंबडीला देऊ करतो, आणि अधूनमधून दाणा नसतानाही हाक घालतो. यावर जास्त भाष्य करायला नको.

अंगणातली टोचाटोचीही मोघम नसते. कोण कोणाला टोचणार आणि कोण निमूट बाजूला सरणार, हे ठरलेलं असतं. ही उतरंड शास्त्रात आणली ती थोरलाइफ शेल्डरूप-एबे या नॉर्वेच्या माणसाने, १९२१ साली. लहानपणापासून त्याला कोंबड्यांचं वेड होतं. पोराने अभ्यास सोडून कोंबड्या बघितल्या तर त्याला लगेच रागावू नये.

पिवळ्या पायांचं सह्याद्री कनेक्शन

डार्विनचं म्हणणं होतं, की जगातल्या सगळ्या कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या. तो बहुतांशी बरोबर होता. पण २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी पिवळ्या कातडीचा जीन तपासला आणि तो निघाला राखी रानकोंबड्याचा. राखी रानकोंबडा फक्त भारतात सापडतो, आपल्या सह्याद्रीत भल्या पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. म्हणजे केंटकीपासून कोरियापर्यंत जी जी पिवळ्या पायांची कोंबडी अंगण उकरते, तिच्या अंगात आपल्याकडच्या रानाचा एक तुकडा आहे. या कोंबड्याच्या मानेची पिसं इंग्लंडमधल्या हौशी लोकांना मासेमारीच्या गळाला नकली माशी बांधण्यासाठी हवी असायची, त्यापायी त्याची बरीच शिकार झाली.

मानमोडी या रोगाचंही असंच आपल्याकडचं नातं आहे. मान वाकडी होऊन कोंबड्या पटापट मरतात, त्या रोगाला सरकारी कागदात राणीखेत म्हणतात, कारण भारतात तो पहिल्यांदा नोंदवला गेला तो त्या डोंगरी गावाजवळ. इंग्रज त्यालाच न्यूकॅसल म्हणतात, त्यांच्या गावावरून. पिल्लांच्या डोळ्यात-नाकात थेंब टाकतात ती लासोटा लस ज्या विषाणूपासून बनते, त्याला न्यू जर्सीतल्या एका शेतमालकाचं आडनाव चिकटलं आहे.

आता रातपाळी

लांडग्याला भाकरी टाकली तर तो तोंड फिरवेल. गावठी कुत्रा भाकरीवर जन्म काढतो. हा नुसता सवयीचा भाग नाही. पिठूळ अन्न पचवायला मदत करणाऱ्या एका जीनच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. २०१३ चं हे संशोधनही उप्सालाचंच. शेतीशी संबंध न आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या डिंगोमध्ये त्या दोनच आढळल्या. माणूस पेरू लागला आणि त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोट बदललं. भाकरीबरोबर कांदा मात्र देऊ नका, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

विलायती कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येतात, गावठी बहुधा एकदाच. भाद्रपदातल्या कुत्र्यांवरून आपल्याकडे जी बोलणी आहेत ती इथे छापण्यासारखी नाहीत, पण हिशेब पक्का आहे. गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा. भाद्रपदात दोन महिने मिळवा, कार्तिक येतो. पाऊस सरलेला, खळ्यावर माणसांची वर्दळ, पिल्लांना कोरडी जागा आणि आईला खायला काही ना काही.

दोन गोष्टी झटपट. ओळखीचं माणूस दिसलं की कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकून हलते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मोजलं. आणि चेक व जर्मन मंडळींनी ३७ जातींच्या ७० कुत्र्यांवर दोन वर्षं नजर ठेवून सांगितलं, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्रा परसाकडला बसताना अंग उत्तर-दक्षिण धरतो. त्यांना २०१४ चं इग नोबेल मिळालं. वास्तुशास्त्रवाल्यांच्या हाती हे लागू नये.

रातपाळीची किंमत मात्र जबर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या ऊसपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा फक्त ११. आणि शेळ्या तर त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रा ओसरीवर उघडा. बिबट्याच्या गावात रात्री कुत्र्यालाही आत घेणं शहाणपणाचं. आतून भुंकलेलं बाहेर ऐकू येतंच.

आणि दोघांचं जमतं का? ऑस्ट्रेलियाच्या वॉर्नमबूल गावात ‘स्वॉम्पी’ मार्श नावाचा कोंबडीवाला शेतकरी आपल्या मोकळ्या कोंबड्या कोल्ह्यांपासून राखायला इटलीचे पांढरे, दांडगे मारेम्मा कुत्रे पाळायचा. गावाजवळच्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत जायचे आणि तिथले इवलेसे पेंग्विन फस्त करायचे. शेकड्यांनी असलेले पेंग्विन दहाच्याही खाली आले. तेव्हा मार्शचं म्हणणं साधं होतं: माझा कुत्रा कोंबडी राखतो, पेंग्विन का नाही राखणार? २००६ मध्ये त्याची ऑडबॉल ही कुत्री बेटावर गेली. पुढे पेंग्विनांची संख्या शंभरावर पोचली आणि २०१५ मध्ये ऑडबॉलवर सिनेमाही निघाला.

यात जादू नाही, वेळ साधणं आहे. कुत्र्याच्या पिल्लाचं कोवळं वय, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-पंधराव्यापर्यंत, ज्यांच्या संगतीत जातं त्यांना ते आपलं मानतं. त्या वयात ते कोंबड्यांसमोर वाढलं तर पुढे त्यांच्यामागे लागण्याची शक्यता बरीच कमी होते. पाठलाग हा त्याला खेळ वाटतो, म्हणून सुरुवातीला दोरीला बांधून, माणसाच्या नजरेखालीच दोघांची गाठ घालावी. उरलेली शिकवणी पिल्लंवाली कोंबडी घेते. पिसं फुलवून ती अंगावर येते, नाकावर एकच चोच हाणते आणि तो धडा पुन्हा द्यावा लागत नाही.